चौथा उतार

८ जानेवारी

चि. फिरकी,

मी स्वतःच्या हातांनी बनवलेल्या गोष्टी, क्रमाने लिहितो. पत्र्याची पेटी, कडीसकट, वय अकरा. सायकलमागे जोडायची हातगाडी. आपल्या घराचा गोल जिना, सोळा पायऱ्या, प्रत्येक साडेसात इंच, एकही कमीजास्त नाही. तुझा पाळणा, बेअरिंगवर झुलणारा. त्याचा आवाजच होत नसे, म्हणून तुझी आई घाबरून दर दोन मिनिटांनी येऊन बघायची. एकेचाळीस ट्रकच्या बॉड्या. तीनशे बारा ट्रकच्या ब्रेकची कामं, वहीत नोंद आहे. कान गेल्यावर दाराची घंटा, जी वाजत नाही, दिवा लावते. आणि आता एक व्हिडिओ गेम.

तू नव्या वर्षाच्या कार्डावर विचारलं होतंस, गॅरेज बंद केल्यावर काका दिवसभर काय करता. हे करतो. सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. टपोरं आहे, बापासारखं. ओळी मात्र वर चढतात, तेवढं सांभाळ.

फोन करू नकोस, पत्रच लिही. माझे वरचे सूर गेलेत, खालचे शिल्लक आहेत. म्हणजे इंजिन ऐकू येतं, माणूस ऐकू येत नाही. तक्रार नाही. माणसांपेक्षा इंजिनं कमी खोटं बोलतात.

गेमचं नाव ‘भरला ट्रक’. ट्रकची शर्यत आहे. फोनवर ज्या दुकानातून लोक गेम उतरवून घेतात तिथे त्यांनी तो ‘आर्केड रेसिंग’च्या खणात टाकलाय. त्या खणातले बाकीचे ट्रक हवेत उड्या मारतात, कोलांट्या खातात आणि चार चाकांवर उभे राहून पुढे पळतात. माझे ट्रक उडत नाहीत. बारा टन माल भरलेला ट्रक कसा वागतो हे मला माहीत आहे, तसाच तो वागतो. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाने हे केलंय, शब्दकोश मांडीवर घेऊन. एका ओळीलाही कुणाचा हात लागलेला नाही. चौदा ट्रक, सहा रस्ते. तापलेल्या चाकातून निघणारा धूर एकटाच दोन महिन्यांचं काम आहे.

चौथा रस्ता तू ओळखशील. तोच उतार आहे. मी तिथे जाऊन मोजायचा टेप लावला, उताराची पातळी धरली. नऊ किलोमीटर, तेवीस वळणं. आणि यादीतला पहिला ट्रक तुझ्या बाबाचा. त्याची सगळी मापं माझ्या वहीतून जशीच्या तशी घेतली आहेत, टायरच्या झिजेपर्यंत.

एक काम कर. तो गेम तुझ्या फोनवर घे आणि आईला दाखव. एकदा ट्रक खालच्या गिअरमध्ये उतरवून दाखव, एकदा न्यूट्रलमध्ये, म्हणजे सगळा भार ब्रेकवर टाकून. त्या दिवशी मी जे बोललो ते उगीच बोललो नव्हतो, हे वहिनीला कळू दे. बाकी मला काही नको.

तारेही दे. पाच द्यायचे असतात.

तुझा,
काका


१९ जानेवारी

काका,

पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवलंत ते बरं केलंत. घरी पाठवू नका. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसते, काचा घासून फ्रेमला बसवते. दशांश मिलिमीटर चुकला तरी गिऱ्हाईक डोकं दुखतंय म्हणून परत येतं. तेव्हा अक्षराच्या ओळी चढत असतील, हात चुकत नाही!

गेम घेतला. आवाज ऐकून अंगावर काटा आला. डोळे मिटले असते तर बाबा दारात गाडी लावतायत असं वाटलं असतं.

मग खाली लोकांचं म्हणणं वाचलं. सहाशे चाळीस जणांनी मत दिलंय आणि सरासरी आहे दोन पूर्णांक एक तारा. तुम्ही मला हे लिहिलं नाहीत. ‘ट्रक आहे की म्हैस?’ ‘आवाज एक नंबर, ब्रेक शून्य.’ ‘चौथ्या उतारावर मी मेलो, माझा भाऊ मेला, आमचे शेजारीपण मेले.’ एकाने लिहिलंय, ‘ब्रेक दाबला की गाडी डावीकडे जाते, अलाइनमेंट करून घ्या शेठ.’ मी हसले. तेवढ्यात खाली तुमची उत्तरं दिसली. काका, तुम्ही सहाशे चाळीस माणसांना उत्तरं दिलीत? एका पोराला तुम्ही विचारलंय, ‘आपण कोणत्या गिअरमध्ये उतरलात ते कळवा, मग बोलू.’ दुसऱ्याला, ‘म्हशीला चार पाय असतात, या ट्रकला दहा चाकं आहेत, मोजून घ्या.’ अहो, लोक जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं खेळतात. त्यांना परीक्षेला का बसवता?

आईला दाखवलं नाही. दाखवणारही नाही, का ते सांगते.

बाबा गेल्यावर पाचव्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर खुर्चीवरून उठून म्हणालात, ‘माझे ब्रेक जाणार नाहीत. दादाने डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकला असणार.’ आई तेव्हापासून तुमचं नाव घेत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला वाटतं ती तुमच्यावर चिडली आहे. तसं नाही. तिने तुमचं खरं मानलं. तुम्ही गाड्यांतले जाणकार, तुम्ही म्हणालात म्हणजे तसंच. ती बाबांवर चिडली आहे. थोडं डिझेल वाचवायला हा माणूस मला टाकून गेला, असं ती एकदा भांडी घासताना म्हणाली, मी मागे उभी आहे हे तिला माहीत नव्हतं. सहा वर्षं ती मेलेल्या नवऱ्यावर रुसून बसलीय. त्या रुसव्याला आता तुम्ही चित्रही काढून दिलंत.

तारे अजून दिले नाहीत. विचार करते.

फिरकी


२७ जानेवारी

चि. फिरकी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वहिनीचं वाचून वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून खऱ्याचं खोटं होत नाही. अपघाताच्या तपासणीच्या कागदावर ‘ब्रेक निकामी’ एवढंच लिहिलंय. ते कुणीही लिहील. ब्रेक का निकामी झाले, हा प्रश्न. गिअरचा दांडा दुसऱ्यात सापडला म्हणतात. इतक्या उंचीवरून गाडी पडली की दांडा कुठेही सापडतो.

आता ताऱ्यांविषयी. दोन पूर्णांक एक हा आकडा गेमचा नाही, खेळणाऱ्यांचा आहे. लोकांना ब्रेक म्हणजे विजेचं बटण वाटतं, दाबलं की झालं. मी गेममध्ये उताराच्या तोंडाशी पाटी लावली आहे: ज्या गिअरमध्ये चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. भरलेली गाडी हा घाट दुसऱ्यात चढते, म्हणजे दुसऱ्यातच उतरायची. कुणी वाचत नाही. मी स्वतः तीनशेवर वेळा खाली पोचलोय. अर्थात मी पहिल्यातच उतरतो, चालत्या माणसाच्या वेगाने, ब्रेक फारसा लागतच नाही, मला घाई नसते.

डावीकडे ओढण्याची तक्रार मीही पाहिली आहे, एकूण एकोणसत्तर जण. कारण सोपं आहे. लोक फोन उजव्या हातात घट्ट धरतात आणि डाव्या अंगठ्याने वळवतात, तो अंगठा घसरतो. हे मी त्यांना समजावून सांगितलं. काहींनी शिव्या दिल्या. शिवीला मी उत्तर देत नाही, शुद्धलेखन तेवढं दुरुस्त करतो.

एक इसम जास्तच शहाणा आहे. स्वतःला ‘अठराचाकी’ म्हणवतो. त्याने लिहिलंय, उतरवून देतो:

‘बावीस वर्षं गाडी चालवतो. हा गेम करणाऱ्याला गाडी कळते, म्हणून लिहितोय, नाहीतर लिहिलं नसतं. पहिला ट्रक घेऊन चौथ्या रस्त्यावर पाटीप्रमाणे दुसऱ्यात उतरलो, हळू. ब्रेक लावला की नाक डावीकडे. सातव्या वळणानंतर धूर फक्त डाव्या चाकांतून. सोळाव्याला ब्रेक गेले. उजवी बाजू सैल आहे, सगळा भार डावी घेते आणि जळते. एकदा बघून घ्या. एक तारा, बघितलंत की पाच देईन.’

मी त्याला लिहिलं, ‘या ट्रकचे ब्रेक ज्याने केलेत त्याच्या हाताखालून तीनशे बारा गाड्या गेल्या आहेत. आपण बावीस वर्षं एकच गाडी चालवली असेल.’

तुला म्हणून सांगतो, असं लिहिल्यावर बरं वाटत नाही. पण गप्प बसलो तर लोक त्याचंच खरं धरतील.

तू निदान एकदा उतरून बघ. मग आईला दाखवायचं की नाही ते ठरव.

काका


६ फेब्रुवारी

काका,

उतरून बघितलं. चार दिवस, जेवणाच्या सुट्टीत, मागच्या खोलीत. डबा तसाच. दुकानात डोळे तपासणारे आमचे डॉक्टर मागे उभे राहून म्हणाले, ‘अगं, जिंकलीस तर बढती देतात का?’

बाबांचा ट्रक. दुसरा गिअर. हळू. चौदा वेळा. चौदाही वेळा नाक डावीकडे, धूर डावीकडून, सोळा ते अठरा वळणाच्या मध्ये ब्रेक गेले. मग मी तुमच्या यादीतला दुसरा ट्रक घेतला. तोच रस्ता, तोच गिअर, तोच माझा घसरणारा अंगठा. सरळ थांबतो. खाली पोचला. तिसरा पोचला. चौदापैकी तेरा ट्रक पोचतात, काका. बाबांचा तेवढा पोचत नाही.

आता जे लिहिते ते सहा वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. आधी बसून घ्या.

त्या दिवशी बाबांचा मला फोन आला होता. मी वीस वर्षांची होते, वसतिगृहाच्या पायऱ्यांवर कपडे वाळत घालत होते. ते उताराआधी जिथे गाड्या थांबवून चाकं बघतात तिथे उभे होते. नेहमीसारखं बोलले, जेवलीस का, अभ्यास झाला का, पैसे पुरतायत का. मग म्हणाले, ‘गाडी जरा डावीकडे ओढतेय गं. दुसरा टाकून सावकाश उतरतो.’ मी म्हटलं, ‘काकांना फोन करा ना.’ तर हसले. म्हणाले, ‘नको गं. मंगळवारी म्हटलं होतं जरा बघ, तर तोंड पाडलं त्याने. त्याच्या कामाला कुणी काही म्हटलं की चार दिवस नीट जेवत नाही तो. आल्यावर दुसऱ्या कुणाकडून गुपचूप आवळून घेतो. तू पण बोलू नकोस हं, वाईट वाटेल त्याला.’

हे शेवटचं वाक्य. त्यानंतर ‘ठेवतो’ म्हणाले.

मी बोलले नाही. आधी त्यांनी बोलू नको म्हटलं होतं म्हणून. मग पाचव्या दिवशी तुम्ही ते वाक्य बोललात तेव्हा माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण तुमचे हात बघितले. खुर्चीच्या पाठीला धरले होते आणि खुर्ची हलत होती. मला वाटलं, हे सांगितलं तर काका जातील. बाबा गेलेच आहेत. घरातला एकच माणूस जाऊ दे. आईचं काय होईल हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं, पण तोवर खूप दिवस झाले होते. रोज वाटायचं, आज सांगावं. रोज कुणाचा तरी चष्मा द्यायचा असायचा.

मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. तुमच्या वहीत बघा, एवढंच. मापं वहीतून जशीच्या तशी घेतलीत म्हणालात ना.

फिरकी


२ मार्च

काका,

साडेतीन आठवडे झाले. पत्र पोचलं ना? गेमच्या दुकानात लोक लिहितायत आणि खाली तुमची उत्तरं नाहीत. कालच्या एकाने तर विचारलंय, ‘गिअर विचारणारे काका कुठे गेले?’

काहीही लिहा. शुद्धलेखनाच्या चुका काढल्यात तरी चालेल.

फिरकी


२९ मार्च

वहिनी,

हे पत्र तुम्ही उघडाल की नाही माहीत नाही. पाकिटावर माझं नाव घातलं आहे, म्हणजे न उघडता परत पाठवता येईल. उघडलंत तर शेवटपर्यंत वाचा, मधे सोडू नका.

दादाने न्यूट्रल टाकला नव्हता. तो दुसऱ्या गिअरमध्ये होता, म्हणजे जिथे असायला हवा होता तिथेच होता. चूक माझी आहे. कशी, ते लिहितो, कारण मोघम माफी मागितली तर ती माफी होणार नाही.

त्या आठवड्यात मी त्याच्या गाडीच्या मागच्या उजव्या चाकांना नवं लायनिंग घातलं. ब्रेक दाबला की हे लायनिंग ड्रमवर घासतं आणि चाक थांबतं. नवं असताना ते उगीचच घासत राहतं, तापतं, म्हणून सुरुवातीला दोन्हींमध्ये फट थोडी जास्त ठेवतात आणि दोनशे किलोमीटर गाडी चालली की आवळून घेतात. मी डावीकडे अर्धा मिलिमीटर ठेवली होती, उजवीकडे एक पूर्णांक दोन. वहीत तसं लिहिलं आहे. पुढे लिहिलं आहे, ‘२०० नंतर आवळणे.’ माझ्या वहीत झालेल्या प्रत्येक कामापुढे बरोबरची खूण असते. त्या ओळीपुढे नाही.

गेम करताना मी हीच मापं गेममध्ये घातली. ती ओळ समोर ठेवून आकडे एकेक करून बघितले. आकडा चुकू नये म्हणून तीनदा पडताळले. खूण नाही, हे बघितलं नाही. मग एकोणसत्तर माणसं मला सांगत राहिली की गाडी डावीकडे ओढते, आणि मी त्यांच्या अंगठ्यांना दोष देत राहिलो.

मंगळवारी दादा गॅरेजवर आला होता. हे तुम्हाला ठाऊक नसेल. गाडी दोनशे चाळीस किलोमीटर चालून आली होती. मी आत कॉम्प्युटरपुढे बसलो होतो, तेव्हा नुकताच शिकत होतो, एक गोल पडद्यावर डावीकडून उजवीकडे नेत होतो आणि तो जात नव्हता. दादा दारात उभा राहून म्हणाला, ‘जरा मागचं बघतोस का? ओढतंय असं वाटतं.’ मी मान वर केली नाही. म्हणालो, ‘माझ्या हाताखालून गेलेली गाडी परत बघायला लागत नाही.’ तो म्हणाला, ‘बरं बाबा, तुझंच खरं.’ पाच मिनिटं उभा होता. मग गेला. पान्याचं काम होतं, वीस मिनिटांचं.

मी हे विसरलो होतो असं म्हणणार नाही. मला ते आठवत होतं. फक्त मी ते आठवायचो तेव्हा त्यात मी काहीतरी दुसरं बोलायचो.

मागच्या महिन्यात मी गेममध्ये तो एक आकडा बदलला. एक पूर्णांक दोनच्या जागी अर्धा घातला, डाव्या बाजूएवढाच. बाकी कशाला हात लावला नाही. दादाचा ट्रक दुसऱ्या गिअरमध्ये घेऊन निघालो. नाक सरळ राहिलं. सोळावं वळण गेलं, अठरावं गेलं. धूर नाही. तेविसाव्या वळणानंतर सपाट रस्ता लागतो, तिथे मी एक पाण्याची टाकी काढली होती, मोजमाप घेताना दिसली होती म्हणून. मी गेममध्ये ती जवळून कधी बघितली नव्हती. पोचायचो, पण पोचलो एवढंच बघायचो. त्या टाकीपाशी गाडी उभी केली आणि बंद केली.

नंतर पन्नास वेळा उतरलो. पन्नासही वेळा पोचला.

बदललेला गेम दुकानात चढवला. आठ दिवसांत दोन पूर्णांक एकचे चार पूर्णांक दोन झाले. ‘अखेर ब्रेक दुरुस्त केले, शाब्बास.’ असं लिहितात लोक. एक ट्रकवाला आहे, मी त्याचा अपमान केला होता. त्याची माफी मागितली. त्याने पाच तारे दिले आणि लिहिलं, ‘कुणीतरी सांगितलं तेव्हाच बघितलं असतंत तर एवढे शिव्याशाप खायला लागले नसते, काका.’ त्याला बिचाऱ्याला काही माहीत नाही.

फिरकीला दादाने त्या दिवशी फोनवर गाडी ओढते म्हणून सांगितलं होतं, आणि मला सांगू नको म्हणाला होता, मला वाईट वाटेल म्हणून. पोरीने ते सहा वर्षं एकटीने धरून ठेवलं. तिला बोल लावू नका. माझ्याशी खरं बोलायची सोय मी कुणाला ठेवली नव्हती, तिलाही नाही.

दादाने डिझेल वाचवायला काही केलं नाही. तो तुम्हाला टाकून गेला नाही, वहिनी. तो नीट उतरत होता.

पाचव्या दिवशी जे जे लोक बसले होते त्या प्रत्येकाला मी हेच पत्राने कळवलं आहे. सतरा जण होते. दोघे वारले आहेत, त्यांच्या मुलांना लिहिलं.


१८ एप्रिल

भावोजी,

पत्र आलं त्या दिवशी उघडलं नाही. चार दिवस पिठाच्या डब्यावर ठेवलं होतं. मग वाचलं. शेवटपर्यंत वाचलं.

मला लिहिता येत नाही तुमच्यासारखं. जे येतं ते लिहिते.

सहा वर्षं मी माझ्या माणसाशी अबोला धरला. त्यांचे कपडे कुणाला देऊन टाकले ते बघितलंसुद्धा नाही. कुणी त्यांचं चांगलं बोललं तर मी उठून आत जायची. ते आता मला कुठे भेटणार, म्हणजे मी सांगेन की चुकले? तुम्ही एक आकडा बदललात, तुमचं काम झालं. माझं कसं व्हायचं?

तुमच्यावर रागवायचंय. ताकद येत नाही. सगळा राग त्यांच्यावर खर्च झाला.

फिरकीला मी काही बोलले नाही. ती खूप रडली, मी तिच्या केसांना तेल लावत बसले.

तिने मला तो खेळ दाखवला. मी नको म्हणत होते, पण बघितलं. आवाज त्यांच्याच गाडीचा आहे. ते खाली पोचले. टाकी दिसली. मग मी तिला म्हटलं, बंद कर. परत बघणार नाही.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. फिरकी म्हणाली, आधी लोक रोज त्यांच्या गाडीतून पडत होते, शेकडो वेळा, आणि पुन्हा खेळत होते. हे मला माहीत नव्हतं. कुणी हसतही असेल. ते आता बंद झालं का? पूर्ण बंद झालं का? एवढंच कळवा.

घरी येऊ नका. अजून नको. पत्र आलं तर वाचेन.

वहिनी


३ मे

वहिनी,

तुम्ही एकच गोष्ट विचारलीत, तिचं उत्तर देतो. घाईने लिहिलं असतं तर चुकीचं झालं असतं, म्हणून पंधरा दिवस घेतले.

लोक हसत होते. मी त्यांच्यावर चिडत होतो, तेही चुकीच्या गोष्टीसाठी. कुणीतरी त्या पडणाऱ्या गाड्यांचे तुकडे एकापुढे एक जोडून व्हिडिओ केला होता, तो अकरा लाख लोकांनी बघितला. मी करणाऱ्याला लिहिलं, ती गाडी माझ्या भावाची होती. त्याने त्याच दिवशी काढून टाकला. पोरगं चांगलं आहे, त्याला कल्पना नव्हती.

गेमची जुनी प्रत माझ्या कॉम्प्युटरवर होती ती पुसली. दुकानातून ज्यांनी आधी घेतली होती त्यांच्या फोनवर नवी आपोआप आली, काहींच्या फोनवर आलेली नाही. ते किती जण आहेत ते मला दिसतं. काल संध्याकाळी दोनशे एकवीस होते. रोज बघतो. शून्य झाले की तुम्हाला कळवेन, त्याआधी बंद झालं असं लिहिणार नाही.

तारे आता उतरू लागले आहेत. चार पूर्णांक दोनचे तीन पूर्णांक सहा झाले. लोक म्हणतात, मजा गेली, आता पडतच नाही. मी त्यांना उत्तर देत नाही.

पुढचं तुम्हाला बाहेरून कळू नये म्हणून मीच लिहितो. गेल्या सोमवारी दोन माणसं आली होती. मोठ्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर नाणं टाकून खेळायची यंत्रं असतात, ती बनवणाऱ्या कंपनीची. सभ्य होती. माझ्यासाठी सगळं कागदावर लिहून बोलली, एकदाही आवाज चढवला नाही. धुराचं कौतुक केलं. त्यांना चौथा उतार हवा होता, खरी सीट आणि खरं स्टीअरिंग लावून, सीट हलणारी. पण नवा नको, जुना हवा. पहिला ट्रक आधी जसा ओढायचा, जसा जळायचा आणि जसा पडायचा तसाच, कारण लोक तेच बघायला थांबतात. आकडा मला तोंडपाठ आहे, प्रत पुसली असली तरी पुन्हा घालायला अर्धं मिनिट लागलं असतं.

मी त्यांना चहा दिला आणि नाही म्हणालो. त्यांनी साठ लाख देऊ केले होते, एकरकमी.